वाट पाहण्याचं शास्त्र : सिलेक्ट, पोल आणि ईपोल

नेटवर्किंगच्या प्रॅक्टिकलला चॅट सर्व्हर हा प्रोग्रॅम ठरलेलाच असतो. एक सर्व्हर, एक क्लायंट. क्लायंटने 'हॅलो' टाईप केलं की सर्व्हरच्या स्क्रीनवर 'हॅलो' उमटतं, जर्नलवर सही मिळते आणि आपण मोकळे. पण याच प्रोग्रॅमला दुसरा क्लायंट जोडून बघा. पहिला क्लायंट गप्प बसलेला असेल आणि दुसरा जीव तोडून टाईप करत असेल, तरी सर्व्हर ढिम्म! कारण तो पहिल्याच्या तोंडाकडे बघत बसलेला असतो. पहिला काही बोलेपर्यंत दुसऱ्याचं त्याला ऐकूच येत नाही.

व्हायवामध्ये "मग यावर उपाय काय?" असं विचारलं, तर बहुतेक जण "सर, थ्रेड" असं सांगून सुटतात. उत्तर चूक नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं उत्तर तीन सिस्टीम कॉल्समध्ये आहे : सिलेक्ट, पोल आणि ईपोल. सिलेबस सहसा सिलेक्टपाशी थांबतो, फार तर पोलचं नाव घेतो. पण आज आपण उघडतो त्या कितीतरी वेबसाईट्सच्या मागे ईपोल किंवा त्याचं एखादं भावंडं काम करत असतं. सिलेक्टपासून तिथपर्यंत जावं का लागलं, हे मला या लेखात सांगायचं आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकते. या तिघांमधला फरक वरवर वेगाचा वाटतो, पण मुळात तो 'यादी कोणी लक्षात ठेवायची' या प्रश्नाचा आहे. वेग हा त्याचा परिणाम.

एफडी, पण बँकेतली नव्हे

युनिक्समध्ये प्रोग्रॅमने एखादी फाईल उघडली की कर्नल त्याला एक छोटा पूर्णांक देतो. त्याला म्हणतात फाईल डिस्क्रिप्टर, थोडक्यात एफडी. (घरी हा शब्द वापरला तर बाबा व्याजाचा दर विचारतील, तेव्हा जपून!) टर्मिनलवरून चालवलेल्या प्रोग्रॅमला सुरुवातीलाच तीन एफडी मिळालेले असतात. ० म्हणजे इनपुट, १ म्हणजे आउटपुट आणि २ म्हणजे एरर. पुढे जे जे उघडाल त्याला ३, ४, ५ असे नंबर मिळत जातात. नियम इतकाच की रिकाम्या नंबरांपैकी सर्वांत लहान नंबर आधी दिला जातो.

युनिक्सची खरी खुबी अशी की या नंबरामागे काहीही असू शकतं. डिस्कवरची फाईल, पाईप, टर्मिनल, नाहीतर नेटवर्कचं सॉकेट. वाचायचं तर रीड, लिहायचं तर राईट. म्हणजेच सर्व्हरला जोडला गेलेला प्रत्येक क्लायंट हा त्याच्या दृष्टीने एक एफडी. दहा हजार क्लायंट म्हणजे दहा हजार एफडी. मस्टरवरचे रोल नंबर समजा ना. मस्टरची ही उपमा पुढे बरीच उपयोगी पडणार आहे.

झोपणं वाईट नाही, एकाच दारात झोपणं वाईट

सॉकेटवर रीड कॉल केला आणि डेटा आलेलाच नसेल, तर कर्नल आपल्या प्रोसेसला झोपवतो. याला आपण 'ब्लॉक होणं' म्हणतो. पुष्कळांना वाटतं की ब्लॉक होणं म्हणजे काहीतरी वाईट. तसं अजिबात नाही. झोपलेली प्रोसेस सीपीयू खात नाही, तो दुसऱ्यांना मिळतो. डेटा आला की कर्नल तिला उठवतो. तक्रार एवढीच आहे की ती एकाच एफडीच्या दारात झोपलेली असते, आणि इतर दारांवर कितीही थापा पडल्या तरी तिला जाग येत नाही.

यातून सुटायचे तीन मार्ग आहेत.

पहिला : एफडी नॉन-ब्लॉकिंग करायचा. मग डेटा नसेल तर रीड झोपत नाही, 'ईअगेन' नावाची एरर देऊन लगेच परत येतो. 'आत्ता काही नाही, नंतर ये', असा त्याचा अर्थ. मग आपण लूप लावून सगळ्यांना आळीपाळीने विचारत राहायचं. प्रोग्रॅम चालतो, पण कोणीही काही बोलत नसताना सीपीयू शंभर टक्के वापरला जातो. लॅपटॉपचा पंखा घोंघावायला लागतो आणि काम मात्र शून्य.

दुसरा : प्रत्येक क्लायंटला एक थ्रेड. एक थ्रेड झोपला तर बाकीचे जागे. कोड वाचायला सोपा, आणि शे-दोनशे क्लायंटपर्यंत तो मस्त चालतो. पण प्रत्येक थ्रेडला स्वतःचा स्टॅक लागतो. लिनक्सवर त्यासाठी साधारणपणे ८ एमबी इतकी पत्त्यांची जागा राखली जाते. जुन्या ३२ बिटच्या मशीनवर एका प्रोसेसला साधारण ३ जीबी जागा मिळायची. भागाकार करून बघा : ३०७२ भागिले ८ म्हणजे ३८४. चारशे थ्रेडसुद्धा झाले नाहीत! ६४ बिटच्या मशीनवर ही अडचण राहिली नाही, कारण राखलेली सगळी जागा खरोखरची रॅम खात नाही. तरीही हजारो थ्रेड्सचं शेड्यूलिंग, त्यांच्यातलं सतत स्विचिंग आणि लॉक्सची भानगड हा खर्च उरतोच.

तिसरा : कर्नललाच सांगायचं, "हे घे माझे सगळे एफडी. मी झोपते. यातला कुठलाही एक तयार झाला की मला उठव." सिलेक्ट, पोल आणि ईपोल हे तिघेही हेच करतात. फरक फक्त सांगण्याच्या पद्धतीत आहे.

सिलेक्ट : मस्टरचा कागद

सिलेक्ट आला १९८३ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या युनिक्सबरोबर. आपण आज वापरतो ते सॉकेटसुद्धा याच आवृत्तीत आलं. ही जोडी एकदम आली यात नवल नाही. टेलनेटसारखा प्रोग्रॅम डोळ्यांसमोर आणा. त्याला कीबोर्डकडेही लक्ष द्यायचं आणि नेटवर्ककडेही. कीबोर्डच्या दारात झोपला तर पलीकडच्या मशीनने पाठवलेली अक्षरं दिसणार नाहीत. सॉकेटच्या दारात झोपला तर आपण टाईप केलेलं पलीकडे जाणार नाही. दोन्हीकडे एकदम कान देण्यासाठी सिलेक्ट.

आता मस्टर आणूया. समजा आपला प्रोग्रॅम म्हणजे सर, कर्नल म्हणजे वर्गाचा सीआर, आणि एफडी म्हणजे रोल नंबर. सर एका कागदावर चौकटी आखतात, आणि ज्यांना 'काही शंका आहे का' असं विचारायचं त्यांच्या चौकटीत टिक करतात. कागद सीआरकडे जातो. सीआर टिक केलेल्या प्रत्येकाला विचारतो. कोणालाच शंका नसेल तर "कोणाला शंका आली की मला सांगा" असं सगळ्यांना सांगून तो थांबतो, आणि सरही डुलकी काढतात. कोणीतरी हात वर केला की सीआर पुन्हा सगळ्यांकडे एक फेरी मारतो, ज्यांना शंका नाही त्यांच्या टिका खोडतो, आणि तोच कागद सरांना परत देतो.

खऱ्या सिलेक्टमध्ये असे तीन कागद असतात. पहिला वाचण्यासाठी, दुसरा लिहिण्यासाठी, तिसरा अपवादात्मक घटनांसाठी. लिहिण्यासाठी कशाला वाट पाहायची, असा प्रश्न पडेल. क्लायंटचं नेट मंद असेल तर कर्नलचा पाठवणीचा बफर भरून जातो, आणि मग राईटसुद्धा ब्लॉक होऊ शकतो. म्हणून 'आता लिहायला जागा झाली का' हेही विचारावं लागतं. याशिवाय टाईमआउट देता येतो, म्हणजे इतक्या वेळात काही झालं नाही तरी उठव. आणि पहिलं आर्ग्युमेंट असतं 'सर्वांत मोठा एफडी अधिक एक'. हा अधिक एक व्हायवातला लाडका प्रश्न. कारण साधं आहे. नंबर शून्यापासून सुरू होतात, आणि सीआरला किती चौकटी बघायच्या ती संख्या हवी असते. सर्वांत मोठा एफडी ७ असेल तर ० ते ७ मिळून चौकटी होतात ८.

पण या पद्धतीत खर्च कुठे कुठे आहे ते बघा. एक, सीआरने टिका खोडल्यामुळे तो कागद पुढच्या वेळी वापरता येत नाही. दर वेळी मूळ यादीवरून नवा भरायचा. दोन, कर्नलला दर वेळी शून्यापासून सर्वांत मोठ्या नंबरापर्यंत सगळं तपासावं लागतं. तीन, कागद परत आल्यावर आपल्यालाही तो पूर्ण चाळावा लागतो, कारण सिलेक्ट फक्त 'इतके तयार आहेत' असा आकडा देतो, 'कोण' ते कागदावरूनच शोधायचं. आणि हे सगळं दर कॉलला.

१०२४ ची भिंत

सिलेक्टची खरी धोकादायक गोष्ट वेगळीच आहे, आणि ती लॅबमध्ये कधीच दिसत नाही. लिनक्सवर तो कागद ठरावीक मापाचा असतो. चौकटी १०२४, म्हणजे १०२४ बिट, म्हणजे १२८ बाईट. त्यामुळे ० ते १०२३ एवढेच एफडी त्यावर बसतात.

लक्षात घ्या, ही मर्यादा क्लायंटच्या संख्येवर नाही, एफडीच्या नंबरावर आहे. तुमच्या प्रोग्रॅमने आधीच हजारभर फाईली उघडून ठेवल्या असतील आणि नंतर आलेल्या एकाच क्लायंटला १०३० नंबर मिळाला, तरी तो एक क्लायंटसुद्धा सिलेक्टला झेपणार नाही.

मग १०३० च्या चौकटीत टिक केली तर काय होतं? एरर येते का? नाही! सी भाषेत ते मॅक्रो सहसा काहीच तपासत नाहीत. कागद संपला तरी पेन चालतच राहतं आणि टिक टेबलावर पडते. म्हणजे त्या १२८ बाईटच्या पलीकडे मेमरीत जे काही असेल त्यातला एक बिट बदलतो. तो दुसरा एखादा व्हेरिएबल असेल, नाहीतर फंक्शनचा रिटर्न अॅड्रेस असेल. प्रोग्रॅम कधी लगेच क्रॅश होतो, कधी तासाभराने भलतीकडेच, तर कधी चुकीचं उत्तर देत चालत राहतो. आणि तो क्रॅश दिसतो अशा ओळीवर जिचा सिलेक्टशी काही संबंध नाही. कितीतरी लिनक्स सिस्टीम्सवर एका प्रोसेसने उघडायच्या फाईलींची नेहमीची मर्यादासुद्धा १०२४ च असते, त्यामुळे तोपर्यंत हे झाकलेलं राहतं. 'जास्त क्लायंट हवेत' म्हणून कोणीतरी यूलिमिटने ती मर्यादा वाढवतो, आणि झाकण उघडतं. म्हणून सिलेक्ट वापरायचाच असेल तर एफडी १०२४ पेक्षा लहान आहे ना, हे स्वतः तपासून मगच टिक करा. एका ओळीचं काम आहे.

पोल : कागदाऐवजी यादी

पोल आला एटी अँड टीच्या युनिक्स सिस्टीम फाईव्हमधून, १९८० च्या दशकातच. त्याने मस्टरचा कागद फाडला आणि साधी यादी आणली. यादीतल्या प्रत्येक ओळीत तीन रकाने : एफडी कोणता, मला काय हवंय, आणि प्रत्यक्षात काय झालं. पहिले दोन आपण भरायचे, तिसरा कर्नल भरतो.

यात दोन अडचणी सुटल्या. मागणी आणि उत्तर वेगळ्या रकान्यांत असल्यामुळे यादी दर वेळी नव्याने लिहावी लागत नाही. आणि यादी कितीही लांब करता येते, त्यामुळे १०२४ ची भिंत गेली. १०३० नंबरचा एकच एफडी बघायचा असेल तर यादी एका ओळीचीच असते. नवा प्रोग्रॅम लिहिताना सिलेक्ट आणि पोल यांत निवड करायची असेल, तर मी डोळे मिटून पोल घेईन.

पण मुख्य दुखणं तसंच राहिलं. यादी अजूनही सरांकडेच आहे. दर कॉलला ती पूर्ण सीआरच्या हातात द्यायची, त्याने सगळ्यांना विचारायचं, उत्तर देऊन झालं की यादी विसरून जायची. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून 'सर, कोणाकोणाला विचारू?'

दहा हजारांचा प्रश्न

दहा-वीस क्लायंट असताना हे सगळं कोणाच्या ध्यानातही येत नाही. पण १९९० च्या दशकात इंटरनेट वाढलं आणि आकडे बदलले. १९९९ मध्ये डॅन केगेल या प्रोग्रॅमरने एक प्रश्न मांडला, जो 'सी-टेन-के' या नावाने प्रसिद्ध झाला. एका सर्व्हरने एकाच वेळी दहा हजार क्लायंट का सांभाळू नयेत? मशीनची ताकद पुरेशी आहे, मग अडतं कुठे? अडत होतं ते सॉफ्टवेअरमध्ये.

आपणच हिशोब करू. पोलच्या यादीतली एक ओळ ८ बाईटची असते. दहा हजार क्लायंट म्हणजे ८०,००० बाईट, आणि दर कॉलला तेवढी यादी प्रोग्रॅमकडून कर्नलमध्ये कॉपी होते. आता समजा एका वेळी दहाच जण बोलतायत, आणि सेकंदाला शंभर वेळा पोल कॉल होतोय. म्हणजे सेकंदाला दहा लाख एफडी तपासून झाले, त्यातून खरं काम निघालं ते हजार एफडींचं. बाकी ९९.९ टक्के वेळा उत्तर एकच : 'नाही, शंका नाही.'

आणि हे उदाहरण मुद्दाम ओढूनताणून आणलेलं नाही. चॅटचंच बघा. हजारो लोक ऑनलाईन असतात, पण ठरावीक क्षणी टाईप करणारे थोडेच. बहुतेक कनेक्शन्स बहुतेक वेळ गप्प असतात. अशा वेळी खर्च 'किती जण जोडलेत' यावर ठरावा की 'किती जण बोलतायत' यावर? सिलेक्ट आणि पोलमध्ये तो जोडलेल्यांवर ठरतो. इथेच खरी गोम आहे.

ईपोल : आता सीआरने वही ठेवली

उपाय सुचायला अवघड नव्हता. यादी कर्नलनेच लक्षात ठेवायची. फ्रीबीएसडीमध्ये जोनाथन लेमन यांनी केक्यू हा प्रकार आणला, तो २००० मध्ये ४.१ या आवृत्तीत आला. आजही मॅकवर हाच असतो. लिनक्ससाठी डेव्हिडे लिबेन्झी यांनी ईपोल लिहिला. तो २००२ मध्ये २.५.४४ या विकसनशील कर्नलमध्ये आला, आणि डिसेंबर २००३ मध्ये २.६ च्या स्थिर कर्नलबरोबर सगळ्यांच्या हाती पडला.

ईपोलमध्ये एका कॉलचे तीन कॉल झाले. ईपोल_क्रिएट कर्नलमध्ये एक कोरी वही तयार करतो. गंमत म्हणजे त्या वहीलाही एक एफडीच मिळतो! ईपोल_सीटीएल वहीत नाव घालतो, बदलतो किंवा खोडतो. हे काम प्रत्येक क्लायंटसाठी साधारणपणे एकदाच. आणि ईपोल_वेट म्हणजे 'मी झोपते, कोणी तयार झालं की उठव'. त्याला यादी द्यावी लागत नाही. उलट तोच आपल्याला यादी देतो, आणि तीही फक्त तयार असलेल्यांची.

आत काय चालतं ते बघण्यासारखं आहे. वहीतली नावं कर्नल रेड-ब्लॅक ट्रीमध्ये ठेवतो. डेटा स्ट्रक्चर्सच्या पेपरसाठी घोकलेलं ते झाड शेवटी इथे भेटतं. त्यामुळे दहा हजारांत एखादं नाव शोधायला चौदा-पंधरा पायऱ्यांच्या आसपास लागतात. याशिवाय एक छोटी 'तयार यादी' असते, साधी लिंक्ड लिस्ट. नाव नोंदवताना कर्नल त्या सॉकेटला एक कॉलबॅक चिकटवून ठेवतो. नेटवर्क कार्डवर डेटा येतो, कर्नल तो त्या सॉकेटच्या बफरमध्ये टाकतो, आणि त्याच वेळी कॉलबॅक चालून ते नाव तयार यादीत जातं. झोपलेली प्रोसेस उठते आणि यादी उचलते.

म्हणजे आता सीआर फेरी मारतच नाही. ज्याला शंका आहे तो स्वतःच चिठ्ठी डब्यात टाकतो. आपल्या हिशोबात दर वेळी दहा हजार ओळींऐवजी दहाच ओळी हातात येतात. गप्प बसलेले ९,९९० जण थोडी मेमरी घेतात, पण वेळ घेत नाहीत. २००४ मध्ये लोकांसाठी खुला झालेला इगोर सिसोएव्ह यांचा एनजिनएक्स वेब सर्व्हर, रेडिस डेटाबेस, २००९ मधला नोड जेएस, हे सगळे लिनक्सवर याच पायावर उभे आहेत. एक थ्रेड, एक लूप : वेट कर, उठ, जे तयार आहेत त्यांचं काम कर, पुन्हा वेट कर.

लेव्हल आणि एज

ईपोल शिकताना सगळे अडखळतात ती ही जागा. ईपोल दोन पद्धतींनी सांगू शकतो. लेव्हल ट्रिगर म्हणजे बफरमध्ये डेटा शिल्लक आहे तोवर तो दर वेळी सांगत राहतो. सिलेक्ट आणि पोलही असेच वागतात, आणि ईपोलची मूळ सेटिंग हीच आहे. एज ट्रिगर म्हणजे नवीन काही आलं तरच सांगतो. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समध्ये लॅच आणि फ्लिप-फ्लॉप यांचा फरक शिकलोय ना, हुबेहूब तेच.

फरक किती महाग पडू शकतो ते बघा. क्लायंटने २००० बाईटची रिक्वेस्ट पाठवली. आपण एका रीडमध्ये १००० च वाचले आणि पुन्हा ईपोल_वेटला गेलो. लेव्हल असेल तर तो लगेच सांगेल, 'अजून आहे'. एज असेल तर? नवीन काही आलेलं नाही, म्हणून तो गप्प. आपण डेटाची वाट बघतोय, तो डेटा कर्नलमध्येच पडून आहे. क्लायंटने सगळं पाठवलंय, तो उत्तराची वाट बघतोय. दोघेही अनंतकाळ थांबणार, आणि एररही कुठेच दिसणार नाही!

म्हणून एज ट्रिगरचा नियम पक्का : एफडी नॉन-ब्लॉकिंग हवा, आणि 'ईअगेन' मिळेपर्यंत वाचत राहायचं. एनजिनएक्स एज वापरतो, रेडिस लेव्हल वापरतो. दोन्ही वेगवान आहेत. तेव्हा एज म्हणजे आपोआप भारी, असं काही नाही. आपल्या प्रोजेक्टला लेव्हल पुरे.

'तयार' या शब्दाचा अर्थ

एफडी वाचायला तयार आहे याचा अर्थ 'डेटा आलाय' असाच नसतो. 'आत्ता रीड केलास तर थांबावं लागणार नाही' एवढाच तो असतो. क्लायंटने कनेक्शन बंद केलं तरी एफडी 'तयार' होतो, आणि रीड शून्य देतो. त्या शून्याकडे दुर्लक्ष केलं तर लेव्हल ट्रिगर पुन्हा पुन्हा 'तयार, तयार' ओरडत राहील आणि सीपीयू शंभर टक्क्यांवर जाईल. रीडने शून्य दिलं की एफडी बंद करायचा, हे पाठच करा. ऐकणारं मुख्य सॉकेट 'तयार' झालं, तर त्याचा अर्थ नवा क्लायंट दारात आलाय, अॅक्सेप्ट करा.

दुसरं असं की 'तयार' हे वचन शंभर टक्के पाळलं जाईलच असंही नाही. लिनक्सवर पॅकेट आलं म्हणून सिलेक्टने उठवलं, आणि नंतर चेकसम चुकीचा निघाल्यामुळे ते पॅकेट टाकून दिलं, असं होऊ शकतं. मग रीड ब्लॉक होतो आणि सगळा लूप अडकतो. त्यामुळे या तिघांपैकी कोणताही वापरा, एफडी नॉन-ब्लॉकिंग ठेवलेला बरा.

आणि तिसरं, डिस्कवरच्या साध्या फाईलींना यातलं काहीच लागू नाही. सिलेक्ट आणि पोल त्यांना कायम 'तयार'च म्हणतात, डिस्क कितीही मंद असो. ईपोल तर अशी फाईल वहीत नोंदवायलाच नकार देतो. म्हणून नोड जेएससारखे प्रोग्रॅम नेटवर्कसाठी ईपोल आणि फाईलींसाठी मागे काही थ्रेड्स, असं करतात. ही उणीव भरून काढणारा आयओ-यूरिंग हा नवा प्रकार येन्स अॅक्सबो यांनी लिनक्समध्ये आणला, २०१९ मध्ये ५.१ या कर्नलबरोबर. त्यात प्रश्नच बदललाय. 'वाचायला तयार झालं की सांग' याऐवजी 'वाचून ठेव, झालं की सांग'. त्यावर एक वेगळा लेख होईल.

मग आपण काय वापरायचं?

दोन-चार एफडी असतील आणि प्रोग्रॅम सगळीकडे चालायला हवा असेल, तर पोल घ्या. जुना कोड असेल तर सिलेक्टही चालेल, फक्त १०२४ लक्षात ठेवून. शेकडो-हजारो कनेक्शन्स आणि लिनक्स असेल तर ईपोल. लिनक्स आणि मॅक दोन्ही हवे असतील तर लिबइव्हेंट किंवा लिबयूव्ही या लायब्ररी आहेत. त्या आपण होऊन ईपोल किंवा केक्यू निवडतात. आणि प्रत्येक क्लायंटमागे भरपूर गणित करायचं असेल, तर यातलं काहीच पुरणार नाही. लूप एकच असल्यामुळे एकाचं गणित चालू असताना बाकी सगळे ताटकळतात. तिथे थ्रेडच लागतात. म्हणजे "सर, थ्रेड" हे उत्तरही आपल्या जागी बरोबर आहे. ते कधी बरोबर आणि कधी नाही, हे सांगता आलं पाहिजे.

शेवटी एक करून बघाच. लिनक्सच्या मशीनवर एनजिनएक्स सुरू करा आणि त्याच्या वर्कर प्रोसेसला एस्ट्रेस जोडा. स्क्रीनवर ईपोल_वेटची एक ओळ अर्धवट उमटून थांबेल. आता ब्राउझरमधून पान उघडा. अर्धी ओळ पूर्ण होईल, मग अॅक्सेप्ट, ईपोल_सीटीएल, रिसीव्ह, पाठवणी अशा ओळी झरझर जातील, आणि पुन्हा ईपोल_वेटची अर्धी ओळ. सर्व्हर झोपला. मधल्या त्या चार-सहा ओळी म्हणजे त्याने केलेलं सगळं काम. दहा हजार जण जोडलेले असते, पण बोलणारे आपण एकटेच असतो, तरी त्या ओळी तेवढ्याच दिसल्या असत्या.